राजे डोकी मोजतात

राजे हे त्यांचं आडनाव नव्हतं, आणि राजघराण्याशी त्यांचा संबंध माझा विमानाशी आहे तेवढाच. पण मेलेल्या राजांबद्दल ते असं बोलायचे, की जणू काल संध्याकाळीच त्यांच्याबरोबर चहा पिऊन आले आहेत. "हा थोरला जरा तापट, पण मनाने वाईट नव्हता," असं शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणाबद्दल ऐकलं की प्रवाशांना वाटायचं, असेल बुवा, यांच्या नात्यातलाच दिसतो. म्हणून कंपनीत सगळे त्यांना राजे म्हणायला लागले. मी त्यांच्या बसचा ड्रायव्हर. स्टिअरिंग माझं, माइक त्यांचा आणि प्रवाशांची बोलणी निम्मी निम्मी, अशी आमची वाटणी होती.

आमची सहल आठ दिवसांची. आधी तीन किल्ले, मग डोंगर, शेवटी लाँचने एक आडबाजूचं बेट, आणि परत. जाहिरातीत तिला अविस्मरणीय म्हटलेलं असायचं. मी ती इतक्या वेळा केली आहे की विसरायची म्हटली तरी सोय नाही. किल्ले मला सगळे सारखेच दिसतात. धापा टाकत वर चढायचं, गार वाऱ्यात एक तोफ बघायची, तोफेवर हात ठेवून फोटो काढायचा, खाली उतरायचं आणि मुतारी कुठे आहे ते विचारायचं. एवढ्यासाठी लोक घरदार सोडून का येतात, हे कोडं मला राजेंमुळे सुटलं. लोक किल्ला बघायला येतच नव्हते. राजेंना ऐकायला येत होते.

माणूस दिसायला काडीसारखा. गळ्याची घाटी एवढी मोठी, की बोलताना ती वरखाली होताना मला आरशात दिसायची. अंगात पितळी बटणांचा निळा कोट. तो कंपनीने दिला नव्हता, त्यांनीच शिवून घेतला होता. आणि हातात उंच धरलेली मिटलेली काळी छत्री. छत्रीच्या मागे चालायचं, हा प्रवाशांना पहिला नियम. पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही. निशाण भिजलं तर भिजू द्यावं, ते डोक्यावर कोणी धरत नाही, असं राजेंचं म्हणणं. त्यामुळे पावसात सगळ्यांत जास्त भिजायचा तो छत्रीवालाच.

गाइड ते अपघातानेच झाले. मुळात कंपनीच्या तिकिटाच्या खिडकीत बसायचे. एकदा गाइडला गालगुंड झालं, मालकांनी यांच्या हातात माहितीचा कागद कोंबला आणि बसमध्ये चढवलं. पहिल्याच घाटात खिडकीतून वारा आला आणि कागद दरीत गेला. दुसरा कोणी असता तर पोट धरून आजारी पडला असता. राजेंनी माइक उचलला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. संध्याकाळपर्यंत एका राणीने विष घेतलं होतं, दोन भाऊ एकमेकांचे वैरी झाले होते आणि बसमधल्या बायका डोळे पुसत होत्या. मालक म्हणाले, हाच गाइड. त्यानंतर राजेंनी माहितीच्या कागदाला कधी हात लावला नाही.

दर सहलीत एक शंकासुर असतोच. तो विचारणार, हे कुठे लिहून ठेवलंय? त्यावर राजेंचं उत्तर ठरलेलं. लिहिलेलं होतं, पण दफ्तर जळलं. एका फेरीत ते तिन्ही किल्ल्यांची दफ्तरं जाळायचे. एवढी जाळपोळ सगळ्या शत्रूंनी मिळूनसुद्धा केली नसेल.

एकाच बाबतीत ते थाप मारत नसत. डोकी. प्रत्येक थांब्यावरून निघताना ते दारात उभे राहून छत्रीच्या टोकाने हवेत टिचक्या मारत डोकी मोजायचे, आणि आकडा जुळल्याशिवाय बस हलायची नाही. मोजायचे ते तिकिटवाले प्रवासी. ते स्वतः आणि मी त्यात नसायचो. कंपनीची माणसं, ती कुठे जाणार? इतिहास त्यांनी हवा तेवढा हरवला असेल, पण माणूस एकही हरवला नाही. याचा त्यांना फार ताठा होता, आणि तो खोटा नव्हता.

या गोष्टी त्यांना सुचायच्या कुठून, ते मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा कळलं. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीतून समोर आमचाच बसडेपो. म्हणजे माणूस घरी आला तरी नजर डेपोवरच. वहिनी वाढत होत्या. मी सहज विचारलं, कोपऱ्यात चादर घातलेलं ते लोखंडी स्टँड कशाचं? वहिनी म्हणाल्या, शिलाई मशीनचं. मशीन यांनी मला न विचारता स्वतःच्या बहिणीला देऊन टाकलं, स्टँड जड म्हणून राहिलं. मग मी वर्षभर यांच्याशी बोलले नाही. मुलीमार्फत निरोप द्यायचे, बाबांना सांग, ताट वाढलंय.

माझा घास हातातच राहिला. आमच्या पहिल्या किल्ल्यात एक राजा होता. त्याने राणीची लाडकी पांढरी घोडी तिला न विचारता आपल्या बहिणीला दिली होती, आणि राणी वर्षभर त्याच्याशी दासीमार्फत बोलत होती. मी राजेंकडे बघितलं. ते पाण्याचा पेला तोंडाला लावून छताकडे बघत होते. पेला कधीच रिकामा झाला होता.

मग हळूहळू सगळाच उलगडा झाला. दुसऱ्या किल्ल्यातला ढासळलेला बुरूज फितूर गवंड्याने पाडला होता. घरात राजेंनी ठोकलेली फळी कपबश्यांसकट खाली आली होती. तिसऱ्या किल्ल्यात एक राजा पाहुण्यांच्या मेजवानीत बसल्या जागी झोपला आणि शत्रूने त्याला झोपेत गाठलं. घरात ते मुलीच्या लग्नाच्या बोलणीत झोपले होते आणि वहिनींनी त्यांना चिमटा काढून उठवलं होतं. थोडक्यात, घरातलं प्रत्येक भांडण राजे बसमध्ये घेऊन यायचे, त्याला मुकुट घालायचे आणि प्रवाशांपुढे उभं करायचे. फरक एकच. घरी वहिनी जिंकायच्या. किल्ल्यात राणी झुरून मरायची आणि राजा गच्चीवर उभा राहून पश्चात्ताप करायचा, तोही फार छान दिसेल असा.

वहिनी कधी सहलीला आल्या नाहीत, त्यामुळे बिंग फुटलं नाही. मी मूग गिळून गप्प बसलो. दुसऱ्याच्या घरातली भांडी वाजलेली आपण ऐकावीत, ती बडवायला जाऊ नये.

यंदा मालकांनी ठरवलं, पुढच्या हंगामापासून गाइडच नको. प्रवाशांच्या कानात यंत्र लावायचं आणि त्यात कोणी बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात माहिती सांगेल. राजेंचं वयही झालंच होतं. शेवटच्या फेरीला निरोपाची भेट म्हणून मालकांनी काय द्यावं? वहिनींना फुकट जागा. जागा म्हणजे सीटसुद्धा नाही. माझ्या बाजूची, क्लीनर बसतो ती घडीची पाटी. मालकांचा हात पहिल्यापासून असाच सढळ.

राजेंना वाटलं होतं, वहिनी नको म्हणतील. त्या हो म्हणाल्या, आणि का म्हणाल्या ते त्यांनी निघायच्या सकाळी डेपोत माझ्यासमोरच सांगितलं.

"भाऊजी, आमचा संसार इतकी वर्षं टिकला, तो हे घरी नव्हते म्हणून. आठ दिवस बाहेर, दोन दिवस घरी, त्यातही झोपलेले. आता हे रोज घरी असणार. हा माणूस सलग आठ दिवस कसा असतो, ते मला एकदा बघू दे. जमेल असं वाटलं तर घरी जाईन. नाहीतर बंदराच्या गावात माझी बहीण आहे, तिच्याकडे उतरेन. तिची वरची खोली रिकामीच आहे."

मग त्यांनी एक मोठी तपकिरी बॅग माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, ही डिकीत तळाला टाकू नका, वर ठेवा. बंदरावर काढायला लागेल कदाचित. बंदराचं गाव म्हणजे जिथून आम्ही बेटावर जायला लाँच पकडतो ते, सहलीचा सातवा दिवस. राजे बाजूला छत्री घट्ट धरून उभे होते. त्यांची पाचावर धारण बसली होती. मी बॅग सगळ्यांत वर ठेवली आणि डिकी लावून घेतली.

पहिल्या किल्ल्यात राजेंनी पांढरी घोडी टाळायचा फार प्रयत्न केला. तोफा, दारूगोळा, भिंतींची जाडी यावर बोलले. म्हणजे खरी माहिती, जी त्यांच्याकडे फार नव्हती. प्रवासी जांभया द्यायला लागले. बसमध्ये पुढच्या सीटवर बसणाऱ्या एक आजी होत्या, त्या याच सहलीला आधी दोनदा येऊन गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, घोडीची गोष्ट सांगा ना, मी जावेला मुद्दाम ती ऐकायला आणलंय. आता काय करता? राजेंनी वहिनींकडे पाठ केली आणि घोडी आणली. एकदा आणल्यावर त्यांचा लगाम सुटलाच. मौन, दासी, निरोप, आणि शेवटी खिडकीशी झुरून मेलेली राणी. आजींनी रुमाल काढला, जावेनेही काढला.

मागून वहिनींचा शांत आवाज आला. "राणी मेली, तर राजाचे कपडे कोण धूत होतं?"

सगळे वळले. राजे म्हणाले, दासी होत्या. वहिनी म्हणाल्या, दासी तर निरोप पोचवत होती, तिला वेळ कुठला? या फेरीतला शंकासुर म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर होता. जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्या पक्षाचं कोणी भेटलं. त्याने दफ्तराचं काही विचारलंच नाही, नुसती मान डोलावली. बसमध्ये परत येऊन बसल्यावर वहिनी मला हळूच म्हणाल्या, घोडी कसली, पायाने चालवायचं मशीन होतं ते. पण त्या चिडलेल्या वाटल्या नाहीत. कुणीतरी आपली उसनी नेलेली साडी दुसऱ्याच्या अंगावर बघावी, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

दुसऱ्या किल्ल्यात फितूर गवंडी निघाला. वहिनींनी पडलेला बुरूज नीट बघितला आणि म्हणाल्या, उगाच गरिबाला नावं ठेवू नका, खिळा राजानेच ठोकला असणार. भिंत पोकळ आहे, असं राणी सांगत होती. बुरुजाला खिळा कसा, हे शंकासुरानेसुद्धा विचारलं नाही, इतका तो त्यांचा झाला होता. तिसऱ्या किल्ल्यात छत्री एकटीच पुढे चालत होती आणि प्रवासी सगळे वहिनींच्या भोवती. राजेंनी काही सांगितलं की लोक वहिनींकडे बघायचे, राणीचं यावर काय म्हणणं? वहिनी कधी सांगायच्या, कधी नुसत्या हसायच्या, आणि त्या नुसत्या हसल्या की जास्त मजा यायची. मलाही यायची, लपवू कशाला. इतकी वर्षं एकच बाजू ऐकून माझे कान किटले होते.

डोंगरात धुकं होतं. जी शिखरं दाखवायला लोकांना एवढ्या वर आणलं, ती दिसलीच नाहीत. एरवी अशा वेळी राजे रंगात यायचे, कारण न दिसणाऱ्या शिखराबद्दल काहीही सांगता येतं. त्या दिवशी त्यांनी माइक घेतला, "हे डोंगर आहेत," म्हणाले आणि खाली ठेवला. संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात वहिनींच्या टेबलाला इकडच्या तिकडच्या खुर्च्या ओढून लावाव्या लागल्या. राजे कोपऱ्यात माझ्यासमोर येऊन बसले आणि ताटातलं चिवडायला लागले.

"ती उतरणार, लेका," ते म्हणाले.

मी म्हणालो, बॅग अजून डिकीतच आहे.

"इतकी वर्षं मी तिला राणी केलं."

"आणि दर वेळी मारलंत," मी म्हणालो.

त्यांनी चिवडलेलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, राणी मेल्याशिवाय लोक रडत नाहीत. हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं, की मला हसू आलं आणि त्यांची दयाही आली. पलीकडच्या टेबलावर वहिनी काहीतरी सांगत होत्या आणि सगळे हसत होते. राजे म्हणाले, बेटावरची गोष्ट मी सांगणारच नाही. मी हो म्हणालो. पण मला माहीत होतं, सांगणार. बेटावर दुसरं काही नाहीच.

बेट म्हणजे एक पडका मनोरा, थोडं गवत, पुष्कळ पक्षी आणि पक्ष्यांनी करून ठेवलेली घाण. माणसं कोणी राहत नाहीत. एवढ्यावर लोकांना समुद्रातून आणायचं तर गोष्ट जबरदस्त हवी, आणि राजेंची ही गोष्ट सगळ्यांत जबरदस्त होती. राणीला दिवस गेलेले. राजा मोहिमेवर. तिचे दिवस भरतात, ती या मनोऱ्यात दिवा लावून त्याची वाट बघते, तो जिवाच्या आकांताने निघतो, पण मध्येच वादळ उठतं आणि त्याचं जहाज अडकतं. तो पोचतो तेव्हा दिवा विझलेला असतो. ही कुठून आली तेही मला ठाऊक होतं. मुलगी झाली तेव्हा राजे याच बेटावर होते, वादळात लाँच बंद पडल्या होत्या, आणि वहिनी दवाखान्यात शेजारणीला घेऊन एकट्या होत्या. निदान मला तरी राजेंनी असंच सांगितलं होतं.

जेवणाचे डबे आणि चहाचा थर्मास उचलायला म्हणून मीही लाँचवर असायचो. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. आजींनी गोष्ट मागितली, राजेंनी आढेवेढे घेतले आणि सांगायला सुरुवात केली. या वेळी त्यांचा आवाज जरा कापत होता, त्यामुळे गोष्ट आणखीच रंगली. दिवस भरले, दिवा लागला, वादळ उठलं.

"वादळ नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "राजाने जादा फेरी मागून घेतली होती."

सगळे पोट धरून हसले. राजाने जादा फेरी घेतली, हे त्यांना फारच आवडलं. शंकासुराने टाळीसाठी हात पुढे केला. हसलो नाही ते आम्ही तिघंच. मी राजेंच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं, की हे खरं आहे. आणि वहिनींना हे ठाऊक असल्याचं राजेंना आज कळलं होतं. मागाहून वहिनींनी मला सांगितलं, की तिकिटाच्या खिडकीत यांच्या जागी बसलेला माणूसच तेव्हा बोलून गेला होता. इतकी वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं.

राजेंनी गोष्ट तिथेच सोडली, छत्री वर केली आणि म्हणाले, चला, ओहोटी लागेल. तिथल्या धक्क्याला ओहोटीत लाँच लागत नाही, म्हणून लाँचवाला शिट्ट्या मारतच होता. राजे फळीपाशी उभे राहून डोकी मोजायला लागले. इतकं वाईट मोजताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कुणाच्या तोंडाकडे बघतच नव्हते. टोपी, टक्कल, अंबाडा, टोपी. चौतीस. आकडा जुळला आणि लाँच सुटली.

थोडं पुढे गेल्यावर आजी म्हणाल्या, अहो, गोष्ट राहिलीच की, शेवट तरी सांगा. राजेंना जरा धीर आला. गेलेली अब्रू परत मिळवायची संधी कोण सोडतं? ते लाँचच्या मागच्या टोकाला उभे राहिले, छत्री बेटाच्या दिशेने लांब केली, आणि राणीला परत मनोऱ्यात उभं करून तिच्या हातात दिवा दिला. म्हणाले, असं म्हणतात, की आजही ती तिथे बसून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडे बघत असते.

मी तेव्हा चहा ओतत होतो. वहिनींचा बिनसाखरेचा, तो मी पहिल्या दिवसापासून आधी वेगळा काढायचो. तो कप घेऊन मी लाँचच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. मग मी राजेंच्या हाताकडे बघितलं. हाताच्या टोकाला छत्री, छत्रीच्या टोकाला बेट, आणि बेटाच्या धक्क्यावर काहीतरी लाल. वहिनींचा स्वेटर लाल होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा कुठे आहे ते हात लांब करून सगळ्यांना दाखवणं चाललं होतं.

"राजे," मी म्हणालो, "वहिनी कुठे आहेत?"

त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली ती वरच राहिली. पहिल्यांदा ते काय म्हणाले सांगू? "चौतीस जुळले." मग त्यांचं त्यांनाच उमगलं. चौतीस तिकिटवाले. वहिनी घडीच्या पाटीवर आलेल्या, म्हणजे कंपनीच्या माणसांत जमा. पूर्ण सहलीत त्यांनी बायकोला एकदाही मोजलं नव्हतं. बसमध्ये ती माझ्या शेजारी असायची म्हणून काही बिघडलं नव्हतं, एवढंच. मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला, की हातातला चहा त्यांच्या पितळी बटणांवर ओतावा.

लाँचवाला ऐकेना. म्हणाला, पाणी उतरतंय, आता गेलो तर आपणही अडकू, बाईंना उद्या आणू. राजेंनी त्याच्याशी वाद घातला नाही. छत्री माझ्याकडे दिली आणि कोटाची बटणं काढायला लागले.

"फिरव. नाहीतर मी पोहत जातो."

राजेंना पोहता येत नाही. हे मला माहीत होतं, लाँचवाल्याला नव्हतं. त्याने शिव्या देत लाँच फिरवली.

वहिनी धक्क्यावरच्या दगडावर बसल्या होत्या. बूट काढून शेजारी ठेवलेले, हातात जेवणाच्या डब्यातलं सफरचंद. लाँच कशीबशी टेकली, राजेंनी माझ्या हातातून छत्री ओढून घेतली आणि खाली उडी मारली. सवयीने ती उंच धरूनच ते चालायला लागले. मागून मी, हातात तोच चहाचा कप. तो ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, ती छत्री आधी खाली घ्या. राजेंनी घेतली. मग वहिनींनी सांगितलं, मनोऱ्याच्या मागे वारा लागत नव्हता म्हणून त्या जरा बसल्या होत्या. शिट्ट्या ऐकल्या. धक्क्यावर आल्या तेव्हा लाँच नुकतीच सुटली होती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मारली नाही. बघू म्हटलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, राजेंकडे नाही.

"भाऊजी, खरं सांगा. कोणाच्या लक्षात आलं?"

मागे लाँचच्या कठड्यावर चौतीस डोकी कान देऊन होती. माझ्या डोळ्यांसमोर ती तपकिरी बॅग आली. मी खोटं बोलणारच होतो. राजेंचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. एवढ्या वर्षांची सोबत, आणि थापा मारायला मी शिकलो तो त्यांच्याकडेच. पण राजे मध्येच बोलले.

"माझ्या नाही. याच्या आलं, चहा वाटताना. मी गोष्ट सांगत होतो."

राजे छत्रीच्या टोकाने दगडावरचं शेवाळ खरवडत होते.

"आणि वादळही नव्हतं," ते म्हणाले. "जादा फेरी मीच मागितली. मला दवाखान्याची भीती वाटत होती. तुला काही झालं तर ते मला बघवलं नसतं. म्हणून इथे येऊन बसलो."

त्यांच्या आवाजात नेहमीचा चढउतार नव्हता. तिकिटाच्या खिडकीतून गाडी भरली म्हणून सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली गोष्ट, जिच्यात कुणाचं दफ्तर जळलं नाही. लाँचवर कोणी हसलं नाही. शंकासुरसुद्धा पक्ष्यांकडे बघत होता.

वहिनींनी बूट घातले, सावकाश, एकेक नाडी आवळत. लाँचवाला पाण्याकडे बघून ओरडत होता. त्या उठल्या.

"ही कुठल्या किल्ल्यात घालणार?" त्यांनी विचारलं.

"ही नाही घालत," राजे म्हणाले. "ही घरीच ठेवतो."

वहिनींनी माझ्या हातातला चहा घेतला, एक घोट प्यायल्या, गार म्हणून तोंड वाकडं केलं आणि उरलेला समुद्रात ओतला. राजेंनी हात पुढे केला होता, तो त्यांनी घेतला नाही. फळीवरून एकट्याच चढल्या. तेव्हा मला वाटलं, संपलं, गेली बॅग. लाँचचा तळ खाली घासला, पण सुटली. परत येताना कोणी गोष्ट मागितली नाही. आजींनीही नाही.

बंदरावर वहिनींची बहीण आली होती. तिने येताना वरच्या खोलीची किल्लीसुद्धा आणली होती, हातात धरूनच उभी होती. दोघी बहिणी बाजूला जाऊन बोलत राहिल्या. राजे बसच्या दारात उभे राहून डोकी मोजत होते. चौतीस झाले. आकडा जुळला, तरी छत्री खाली येईना आणि ते मला गाडी काढ म्हणेनात. प्रवाशांतही कोणी घाई केली नाही.

मी डिकी उघडली. तपकिरी बॅग सगळ्यांत वरच होती. सांगितलं होतं तसं करायचं, नंतर आपल्यावर बोल नको, म्हणून मी ती ओढून रस्त्यावर ठेवली. वहिनी बहिणीला सोडून माझ्याकडे आल्या आणि बॅगेकडे बघत उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ही तळाला टाका," त्या म्हणाल्या. "घरी पोचेपर्यंत लागणार नाही."